कॅटफिश आधी ओळखा, मग पाळा

कॅटफिशच्या, म्हणजे मिशावाल्या माशांच्या, टाकीत जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं मासा घरी येण्याआधीच ठरलेलं असतं. शेवाळ खाईल म्हणून दोन फुटी टाकीत आणलेला बोटभर सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश, दीड फूट वाढणाऱ्या जातीचा निघतो. शांत म्हणून आणलेला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा रात्रीतून निऑन टेट्रा गिळतो. थंड पाण्यातला कोरी, म्हणजे तळाशी राहणारा छोटा कॅटफिश, डिस्कस माशांच्या ३० अंशांच्या पाण्यात सोडला जातो आणि महिनोन्‌महिने जोरजोरात कल्ले हलवत बसतो. माझ्याकडे लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘याला काय झालंय?’ मी आधी मासा कोणता ते शोधते. पुष्कळदा नाव सापडलं की त्याला काय होतंय तेही कळतं. म्हणून इथे ओळख आधी सांगते, पाळणूक नंतर.

मासा कसा निरखायचा

रंग सगळ्यात शेवटी बघा. घाबरलेला मासा फिका पडतो, काळ्या वाळूवर गडद होतो, पिल्लू आणि मोठा मासा यांची नक्षी वेगळी असते. न बदलणाऱ्या खुणा आधी टिपून घ्या: मिशा किती आणि कुठून निघतात, तोंड पुढे आहे की खाली, पाठीवरच्या परात किरण, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या काड्या, किती, त्या परामागे शेपटीच्या अलीकडे छोटा मांसल पर, म्हणजे ॲडिपोज फिन, आहे की नाही, आणि अंगावर उघडी कातडी आहे की हाडाच्या तकटांचं चिलखत.

कॅटफिशला खवले नसतात. खवले दिसले की तो दुसऱ्या कुळातला मासा आहे, दुकानातल्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. सगळ्यात जास्त घोळ लोच नावाच्या माशाचा होतो, कारण लोचलाही मिशा असतात, तोही तळाशी राहतो आणि त्याचे खवले इतके बारीक की दिसतच नाहीत. बोटिया जातीच्या लोचचा काटा डोळ्याखाली असतो. कॅटफिशचे काटे पाठीच्या आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला असतात.

हे काटे कॅटफिश ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवून ठेवू शकतो. म्हणूनच त्याला जाळीने पकडायचं नाही. जाळीत काटा अडकला की ओढाताणीत पर फाटतो, कधी काटाच मोडतो. मी प्लॅस्टिकचा रुंद पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरते आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूच आत वळवते. मासा जाळीत अडकलाच तर जाळी कात्रीने कापा. जाळी पुन्हा मिळते. काही जातींच्या काट्यांत विषही असतं. हाताला काटा टोचला तर जखम धुऊन हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, कारण हे विष प्रथिनाचं असल्याने उष्णतेने निवळतं. पाणी सुन्न झालेल्या हाताने न तपासता दुसऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. सूज चढत गेली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला असं वाटलं तर डॉक्टरांकडे जा.

ओळखीसाठी फोटो काढायचा तर मासा टाकीच्याच पाण्यासकट सपाट भिंतींच्या डब्यात घ्या. एक फोटो बरोबर बाजूने, एक वरून, आणि सकर असेल तर काचेला चिकटलेला असताना तोंडाचा आणि पोटाचा. पाठीवरचा पर उभा असलेला फोटो मिळेपर्यंत थांबा. सकरची अर्धी ओळख त्या परातच असते. लांबी मोजताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, शेपटीचा पर धरू नका. जातींच्या वर्णनांत दिलेली लांबी बहुधा अशीच मोजलेली असते.

सकर: पाठीवरचे किरण मोजा

सकर, प्लेको, क्लीनर या नावांनी विकले जाणारे बहुतेक मासे लोरिकारिडी कुळातले. खाली वळलेलं चूषकासारखं तोंड आणि अंगभर तकटं. यात पाळणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा फरक दोघांत आहे. एक ॲन्सिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज. तो १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो आणि घरच्या टाकीत सुखाने जगतो. दुसरा टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे ‘कॉमन प्लेको’ म्हणून सर्रास विकला जाणारा. तो ४० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा होतो. चार-पाच सेंटिमीटरच्या वयात दोघंही तपकिरी, ठिपकेदार, काचेला चिकटलेले असतात.

पाठीवरचा पर उभा होऊ द्या आणि पुढचा जाड काटा सोडून मागचे किरण मोजा. सात-आठ भरले तर ॲन्सिस्ट्रस असू शकतो. दहा किंवा जास्त भरले, पर शिडासारखा लांब दिसला, तर तो टेरिगोप्लिक्थिस. टाकी लहान असेल तर तो दुकानातच राहू द्या. एक मेख आहे: हायपोस्टोमस नावाच्या मोठ्या होणाऱ्या सकरलाही सातच किरण असतात. तेव्हा डोकंही बघा. ॲन्सिस्ट्रसचं डोकं रुंद, चपटं, वरून फावड्यासारखं दिसतं आणि तोंडाच्या पुढच्या कडेला तकटं नसलेली मऊ कातडी असते. नर वयात आला की त्याच कातडीवर, थेट कपाळापर्यंत, फांद्या फुटलेले मांसल केस उगवतात. मादीला ते नसतात, किंवा असले तर ओठाच्या कडेला आखूड ओळ असते.

टेरिगोप्लिक्थिसमध्ये पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हस हे दोघे पोटावरून वेगळे करतात. पार्डालिसच्या पोटावर सुटे ठिपके, डिसजंक्टिव्हसच्या पोटावर ठिपके जुळून झालेली नागमोडी नक्षी. पण मधल्या नक्षीचे मासे भरपूर सापडतात, त्यामुळे तिथे जातीचं नाव ठामपणे घेऊ नये. पाळणाऱ्याला तसा फरकही पडत नाही, दोघेही सारखेच मोठे होतात.

तोंडाच्या फोटोत दात दिसले तर खाणं ठरवता येतं. ॲन्सिस्ट्रसचे दात बारीक आणि भरपूर, खरवडायला योग्य. पनाक जातीचे दात चमच्यासारखे, त्यांना लाकूड कुरतडायला लागतं. हायपॅन्सिस्ट्रसचे दात थोडे आणि मोठे, त्यांना मांसाहार हवा. झेब्रा प्लेको हा हायपॅन्सिस्ट्रसच. त्याला काकडी आणि शेवाळाच्या गोळ्यांवर ठेवलं तर तो हळूहळू वाळत जातो, आणि आधीच दिवसा लपून बसणारा असल्याने ते लक्षातही येत नाही.

कोरी: डोक्यावरची नक्षी

कोरीच्या अंगावर दोन्ही बाजूंना तकटांच्या दोन-दोन ओळी असतात, खालीवर, मधे एक शिवण. तोंड लहान आणि खाली, मिशा आखूड. एवढं दिसलं की कुळ पक्कं. पुढची जात ओळखताना माझी नजर आधी डोक्याकडे जाते.

स्टर्बाय आणि हॅराल्डशुल्त्झी या दोघांचे छातीचे पर नारिंगी असतात, दोघांच्याही अंगावर ठिपक्यांच्या रांगा. स्टर्बायच्या गडद डोक्यावर फिके ठिपके असतात. हॅराल्डशुल्त्झीच्या फिक्या डोक्यावर गडद ठिपके. ज्युली या नावाने विकला जाणारा मासा जवळजवळ नेहमीच ट्रायलिनिएटस असतो. खऱ्या ज्युलीच्या डोक्यावर सुटे ठिपके असतात, ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर ठिपके जुळून वळणावळणाच्या रेषा झालेल्या असतात. दोघांची गरज सारखीच असल्याने या चुकीने माशाचं काही बिघडत नाही. पण प्रजनन करणार असाल तर नाव बरोबर हवं, नाहीतर तुमच्या पिल्लांबरोबर चुकीचं नाव पुढे जातं.

ब्रॉन्झ कोरी आणि एमराल्ड, म्हणजे ब्रोकिस स्प्लेंडेन्स, दोघेही हिरवट चमकतात. इथे पुन्हा पाठीवरचे किरण मोजायचे. ब्रॉन्झला साधारण सात, एमराल्डला दहा ते बारा. एमराल्डचं शरीर उंच, तोंड लांबट, आणि तो बराच मोठा होतो.

बुटक्या कोरींत पिग्मियसच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत एक सरळ काळी रेषा असते, हॅस्टॅटसच्या शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या किनारीचा काळा ठिपका, आणि हॅब्रोससच्या अंगावर तुटक डाग. पहिले दोघे तळापेक्षा पाण्याच्या मधल्या थरात थव्याने पोहतात. तळाशी बसत नाही म्हणून आजारी समजून औषध घालू नका, तो त्यांचा स्वभाव आहे.

पेपर्ड कोरी, पॅलियाटस, चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांपैकी आहे. निसर्गअभ्यासक जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा समशीतोष्ण पाण्यातला मासा आहे, १८ ते २३ अंशांत खूश. स्टर्बाय मात्र २४ ते २८ मागतो. दोघांना ‘कोरीच ना’ म्हणून एका टाकीत ठेवलं की एकाला तरी त्रास ठरलेला. पांडा कोरीही थंडाव्याकडे झुकतो, २० ते २५.

बाकीचे, थोडक्यात

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ‘बम्बलबी’ दोन वेगळ्या खंडांतून येतो. दक्षिण अमेरिकेतला मायक्रोग्लॅनिस छोटा राहतो, सहा-सात सेंटिमीटर. आशियातला स्यूडोमिस्टस सियामेन्सिस त्याच्या दुप्पट होतो आणि तोंडात मावेल तो मासा खातो. मिशा मोजा. मायक्रोग्लॅनिसला तीन जोड्या. स्यूडोमिस्टसला चार, चौथी जोडी नाकपुड्यांपाशी. ती लहान असते, भिंग घेऊन बघावी लागते, पण ती दिसली की शंका उरत नाही. लहान निवडलात तरी छोट्या पिल्लांबरोबर ठेवू नका, तोही रात्री शिकार करतो.

काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश अनेक वर्षं चुकीच्या शास्त्रीय नावांनी विकला गेला. तो वेगळी जात असल्याचं दाखवून २०१३ मध्ये त्याला क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस असं नाव देण्यात आलं. एकटा ठेवला तर खाणं सोडतो. आठ-दहाचा थवा, मंद प्रवाह आणि काही सावलीची झाडं एवढं त्याला पुरतं.

सिनोडॉन्टिस हे आफ्रिकेतले. खालच्या जबड्यावरच्या मिशांना पिसासारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या की हाच गट. काँगो खोऱ्यातला नायग्रिव्हेन्ट्रिस उलटा पोहतो, आणि त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं. बहुतेक माशांत नेमकं उलटं दिसतं. उलटं तर बरेच सिनोडॉन्टिस अधूनमधून पोहतात, म्हणून गडद पोट बघितल्याशिवाय हे नाव देऊ नका. टँगानिका सरोवरातल्या सिनोडॉन्टिसना जड, क्षारीय पाणी लागतं. त्यांतला मल्टिपंक्टेटस आपली अंडी तोंडात पिल्लं वाढवणाऱ्या सिक्लिड माशांच्या अंड्यांत मिसळतो आणि पोरं दुसऱ्याकडून वाढवून घेतो. बाजारात या गटाचे संकरही पुष्कळ येतात. नक्षी कुठल्याच जातीशी जुळत नसेल तर ओढूनताणून नाव लावण्यापेक्षा ‘संकर असावा’ एवढंच लिहून ठेवा.

दोन पिल्लं मात्र ओळखून टाळलीच पाहिजेत. चपटं मोठं डोकं, काळसर पाठ, कुशीवर पांढरा पट्टा आणि केशरी-लाल होत जाणारी शेपटी: हा रेडटेल कॅटफिश, एक मीटरच्या वर जातो. चांदीसारखा, गडद पट्ट्यांचा, शार्कसारख्या उंच पाठीच्या पराचा आणि दोनच जोड मिशांचा: हा पंगासियस, दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा. तोही मीटरभराचा होतो, थव्यात राहतो आणि दचकला की काचेवर डोकं आपटतो. टाकी लहान ठेवली की मासा लहान राहतो, असं अजूनही सांगितलं जातं. तसं होत नाही. त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो.

कॅटफिश नसलेल्यांपैकी तिघांची ओळख हवी, कारण ते शेवाळासाठी म्हणून कॅटफिशच्याच जागी आणले जातात. सियामीज अल्जी ईटरची काळी रेषा शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जाते आणि बाकीचे पर रंगहीन असतात. हा खरा शेवाळ खाणारा. फ्लाइंग फॉक्सच्या परांना काळ्या-पांढऱ्या कडा असतात. तो भांडखोर. चायनीज अल्जी ईटरचं तोंड सकरसारखं चिकटतं. मोठेपणी तो २५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, शेवाळ सोडतो आणि चपट्या, सावकाश माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरपायला लागतो. एंजल किंवा डिस्कसच्या कुशीवर गोल ओरखडे दिसले तर आधी याला शोधा. आणि कॅटफिशचे जोडीदार म्हणून निऑन आणायचे असतील तर लाल पट्टा बघा. पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतच असेल तर निऑन, त्याला २० ते २५ अंश. डोक्यापासून शेपटीपर्यंत असेल तर कार्डिनल, त्याला त्याहून कोमट पाणी. पांडा कोरीबरोबर निऑन आणि स्टर्बायबरोबर कार्डिनल, ही जोडी तापमानानेच ठरते.

नावं कशी वाचायची

जातीच्या नावाच्या जागी ‘एसपी’ लिहिलं असेल तर गण, म्हणजे जवळच्या जातींचा गट, माहीत आहे, जात ठरलेली नाही. ‘सीएफ’ म्हणजे अमुक जातीसारखा दिसतो, पडताळा बाकी आहे. ‘ॲफ’ म्हणजे त्या जातीच्या जवळचा, पण बहुधा वेगळा. विक्रेत्याने हे प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर त्याच्यावर माझा विश्वास वाढतो.

सकरचे ‘एल’ नंबर १९८८ मध्ये ‘डीएटीझेड’ या जर्मन मासिकाने सुरू केले, कारण व्यापारात येणाऱ्या सकरांचं वर्णन शास्त्रज्ञांच्या हातून होईपर्यंत त्यांना हाक मारायला काहीतरी हवं होतं. झेब्रा प्लेको, एल ०४६, ब्राझीलच्या शिंगू नदीतला. त्याला शास्त्रीय नाव १९९१ मध्ये मिळालं. एक नंबर म्हणजे एक जात असं समजू नका. गोल्ड नगेट म्हणून मिळणारे एल ०१८ आणि एल १७७ हे दोन्ही शेवटी एकाच जातीचे ठरले. कोरींसाठी असेच ‘सी’ आणि ‘सीडब्ल्यू’ नंबर आहेत.

कोरींची नावं तर नुकतीच हलली आहेत. २०२४ मधल्या एका मोठ्या फेरमांडणीत कोरिडोरस गण फुटून अनेक गण झाले. ब्रॉन्झ आता ऑस्टिओगास्टर एनिया, पेपर्ड हॉप्लिसोमा पॅलियाटम, पांडा आणि स्टर्बायही हॉप्लिसोमा, पिग्मियस गॅस्ट्रोडर्मस. ब्रोकिस गणही रुंदावला. जुन्या नावाखाली लिहिलेली सगळी माहिती अजून उपयोगाची आहे, म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोधा. मी माझ्या वहीत जुनं नाव खोडत नाही. शेजारी नवं लिहिते, आणि मासा कुठून, कधी, केवढा असताना आला तेही.

टाकी

पाणी भरून लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया थोडा थोडा घालून चाचणी घेत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन तसेच राहू लागले की टाकी तयार. पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, ते काढणारं द्रावण प्रत्येक वेळी घाला. क्लोरामाइन पाणी रात्रभर ठेवून उडत नाही. पुढे दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला आणि नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली ठेवा.

ऑटोसिंक्लस या चिमुकल्या सकरला मात्र तयार टाकीही पुरत नाही, जुनी लागते, काही महिने चाललेली, काचेवर आणि पानांवर जिवंत थर जमलेली. हे मासे बहुधा नदीतून पकडून आणलेले असतात आणि वाटेत उपाशी राहिलेले असतात. घेताना खालून पोट बघा. आत गेलेलं पोट असेल तर तो जगण्याची आशा कमी. भरलेल्या पोटाचे, पानावर तोंड चालवत असलेले निवडा, आणि सहापेक्षा कमी आणू नका.

कोरीसाठी तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. याबाबतीत मी तडजोड करत नाही. कोरी तोंडात वाळू भरून अन्न निवडतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. जाड खडीवर त्याला हे करताच येत नाही. वाळूची पोत बोटांमध्ये चोळून बघा, टोचली तर घेऊ नका. मिशा झिजलेला कोरी दिसला तर धारदार तळ आणि घाण तळ दोन्ही तपासा, कारण खडीत अडकलेल्या सडक्या अन्नातले जिवाणू मिशा खाऊन टाकतात. तळ सुधारला आणि जखम मुळापर्यंत गेली नसेल तर मिशा पुन्हा वाढतात.

कोरी मधूनच वर झेप घेऊन हवा गिळतो आणि ती आतड्यातून शोषतो. हे नेहमीचं आहे. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं हवेची जागा ठेवा. सगळे कोरी एकसारखे वर-खाली धावू लागले तर मात्र लगेच अमोनिया, नायट्राइट आणि तापमान तपासा.

साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत मध्यम आकाराचे सहा कोरी, एकाच जातीचे, सुखाने राहतात. दोन स्टर्बाय, दोन ब्रॉन्झ, दोन पांडा असा सरमिसळ गट करू नका. कोरीला आपल्या जातीची सोबत लागते. ब्रिसलनोजचा एक नर पुरे. दोन नर ठेवायचे तर मोठी टाकी आणि नजरेआड असलेल्या वेगवेगळ्या गुहा हव्यात. लाकडाचा एक ओंडका प्रत्येक सकरच्या टाकीत असू द्या. खरवडायला आणि लपायला दोन्हींसाठी तो उपयोगी पडतो.

खाणं

‘वरच्या माशांचं उरलेलं खातील’ हा समज सोडून द्या. उरलेलं बहुधा काही नसतंच. दिवे घालवल्यावर अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या टाका, टाकीच्या दोन टोकांना, म्हणजे दांडगा मासा एकटा सगळं अडवू शकत नाही. मी टॉर्चला लाल कागद लावून रात्री बघते. लाल उजेडाला मासे फारसे बुजत नाहीत, आणि कोण खातंय, कोण कोपऱ्यात बसलंय ते तेव्हाच कळतं. कोरी मुळात अळ्या-किडे खाणारे, त्यांना गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया आठवड्यातून दोन-तीनदा द्या. ब्रिसलनोजला काकडी, पालक, दुधीची वाफवलेली चकती. चकती रात्री टाकून सकाळी काढा, नाहीतर पाणी नासतं.

नवा मासा आणि आजारी मासा

नव्या माशाला चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्यासाठी मोठं काही लागत नाही. मुख्य टाकीत महिनाभर चालवून ठेवलेला स्पंज फिल्टर, हीटर, पाइपचा तुकडा लपायला. प्रवासात एकेका पिशवीत थोडेच कोरी असू द्या. घाबरलेले कोरी विषारी स्राव सोडतात आणि बंद पिशवीत तो त्यांनाच मारतो. पिशवीतलं पाणी टाकीत कधीही ओतू नका.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. या परजीवीवर औषध फक्त तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतं, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवावं लागतं. तापमान वाढवलं की त्याचं चक्र वेगाने फिरतं. पण उघड्या कातडीच्या कॅटफिशना तांबं आणि मॅलाकाइट ग्रीन सोसत नाही. बाटलीवर ‘खवले नसलेल्या माशांसाठी’ वेगळी मात्रा दिली असेल तर तीच घ्या, नसेल तर अर्ध्यापासून सुरुवात करा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, जोरात चालू ठेवा. स्टर्बाय किंवा झेब्रा ३० अंश सोसतो. पेपर्ड आणि पांडाला तिथपर्यंत नेऊ नका, त्यांच्यासाठी कमी मात्रेचं औषध आणि रोजचा पाणीबदल हाच मार्ग.

पिल्लं

कोरीची मादी वरून बघितली की कळते, छातीच्या परांपाशी ती नरापेक्षा रुंद असते. गटाला आठवडाभर अळ्या खाऊ घाला, मग नेहमीपेक्षा तीन-चार अंश थंड पाण्याने मोठा पाणीबदल करा. पाऊस आल्यासारखं त्यांना वाटतं. मादी नराच्या कुशीला तोंड लावून टी अक्षरासारखी थांबते, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. ती बोटाने हळूच लोळवून सुटतात. वेगळ्या डब्यात, त्याच टाकीच्या पाण्यात, मंद हवेखाली ठेवा. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतात. पोटाची पिवळी पिशवी संपली की व्हिनेगर ईल हे सूक्ष्म जंत, मग नुकतीच उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं.

ब्रिसलनोजसाठी मादीला कशीबशी शिरता येईल एवढी अरुंद गुहा लागते. नर नारिंगी अंड्यांच्या घोसाला परांनी वारा घालत बसतो, दिवसचे दिवस बाहेर येत नाही. गुहेत डोकावण्यासाठी ती उचलू नका. पिल्लं बाहेर येऊन काचेवर चिकटली की मगच पालकाची पानं टाकायला लागा.

मासा तुम्हाला वाटला त्याहून वेगळा, मोठा निघाला तर तो तळ्यात किंवा नदीत सोडू नका. टेरिगोप्लिक्थिस अशाच सोडलेल्या माशांमधून अनेक देशांच्या नद्यांत पसरला आहे. तो काठांत बिळं करतो, काठ ढासळतात, तिथल्या माशांचं अन्न जातं. मोठी टाकी असलेला पाळणारा किंवा सार्वजनिक मत्स्यालय शोधा. शोध मासा हाताभर व्हायच्या आधी, वीतभर असतानाच सुरू करा, कारण त्या वयात त्याला जागा देणारे सापडतात.